घरी असण्याची वेळ

बंगळूर, ४ जानेवारी २००८

प्रिय हिरामावशी,

सप्रेम जय भीम.

“फोनवर घोड्यावर बसून बोलतोस, सांगायचं ते नीट पत्रात लिही,” असं तू म्हणालीस. म्हणून लिहितोय. अख्ख्या ऑफिसात पेन शोधायला अर्धा तास लागला. हसू नकोस.

आपल्या संघमित्रा नगरातली ती मोकळी जागा. अभ्यासिका आणि मैदानासाठी राखीव म्हणून वीस वर्षं पाटी आहे आणि वीस वर्षं तिथं गाजरगवत उगवतंय. आता ते आरक्षण उठवायचं घाटतंय. पेपरात कोपऱ्यात एवढीशी नोटीस आली आहे. ३१ जानेवारीपर्यंत नागरिकांनी लेखी हरकती द्यायच्या, मग मार्चमध्ये सुनावणी. आरक्षण उठलं की तिथं बिल्डर रावसाहेबांची बारा मजली इमारत होणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी एक वेबसाइट केली आहे, ‘आपली जागा’ नावाची. कुणी हरकत घेतली, काय म्हटलं, सगळं तिथं जगाला दिसेल. मावशी, आजवर असले कागद फायलीत गुदमरून मरायचे. आता चारचौघांत मांडले की कुणाला दडपता यायचं नाही. लोकशाही म्हणजे आणखी काय असतं?

अडचण एवढीच, की वस्तीत कॉम्प्युटर चार घरांत. तू कागदावर लिहून घे, सह्या घे. कात्रज चौकातली इंटरनेटवाली सोनाली ते टाइप करून साइटवर चढवेल आणि मूळ कागद महापालिकेत देईल. विहाराच्या पायरीवर बसून मी इंजिनिअर झालो. पुढच्या पोरांना निदान छप्पर मिळावं. करशील ना?

तुझा,
अनिरुद्ध

*

कात्रज, ११ जानेवारी २००८

चि. अनिरुद्ध,

जय भीम. अक्षर बघून कंपनीने तुला कॉम्प्युटर का दिला ते समजलं.

काम घेतलं आहे. पण तू पाठवलेला नमुना मी बाजूला ठेवला. नाव, पत्ता, हरकत, संपलं? अरे, मी तारेच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली आहेत. अर्धवट पत्त्याची तार पोचत नाही आणि पोचली तरी ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत येते. उद्या महापालिकेचा माणूस पडताळणीला आला, दाराला कुलूप दिसलं, की ‘अर्जदार आढळून आला नाही’ लिहून तो मोकळा. मग बस बोंबलत.

म्हणून मी माझा तक्ता आखला. पूर्ण नाव, घर नंबर, जवळची खूण, घरात कोण कोण, आणि शेवटचा रकाना: घरी असण्याची वेळ. प्रत्येकाकडून तो भरून घेतल्याशिवाय सही घेत नाही. शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, “हिराबाई, तुम्ही तर पोरगी बघायला आल्यागत इचारताय!” पण त्यांनीही लिहून दिलं. मार्केटला भाजी विकून त्या रात्री नऊला येतात, तोवर मुलगी एकटी असते, म्हणून पडताळणी नऊनंतर करावी. माझंही लिहिलं: राहणार एकटी, संध्याकाळी पाच ते सात विहारात, बाकी वेळ घरी.

समोरच्या रंगनाथ गुरुजींनी तर खाली टीपही दिली. यवतमाळचा माणूस, शिस्तीचा. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, साडेचारला परत.

सत्तर घरं झाली. गुडघे बोलायला लागले आहेत, पण थांबत नाही. तुझी आई असती तर माझ्यापुढे चार घरं गेली असती.

हिरामावशी

*

बंगळूर, ३० जानेवारी २००८

मावशी,

तीनशे बारा! तू माणूस आहेस की काय आहेस? इथं माझ्या टीममधल्या सगळ्यांना दाखवलं. एकसष्ट वर्षांच्या बाईने तीन आठवड्यांत तीनशे बारा हरकती गोळा केल्या, कुणाचा विश्वास बसेना.

आणि तुझा तक्ता म्हणजे कमाल. सोनालीने विचारलं, सगळे रकाने चढवायचे का? मी म्हटलं, सगळे. काहीही झाकायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको की नावं खोटी आहेत. ज्याला शंका असेल त्याने घर नंबर बघावा, खूण बघावी, वेळ बघून जावं आणि माणसाला भेटावं. आठवड्यात दोन हजार लोकांनी यादी उघडली. एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या.

आता सुनावणीला जास्तीत जास्त लोक स्वतः हजर राहिले पाहिजेत. जो हजर नाही त्याची हरकत धरत नाहीत. तारीख कळली की लिहितो.

तुझा आनंदाने वेडा झालेला,
अनिरुद्ध

*

कात्रज, १२ फेब्रुवारी २००८

चि. अनिरुद्ध,

तारीख इथं आधी कळली. १४ मार्च, सकाळी अकरा.

एक विचारायचं होतं. ती यादी साइटवर आहे म्हणतोस, ती कोण कोण वाचू शकतं? म्हणजे चौकशी वगैरे करून देतात, की कुणीही?

रंगनाथ गुरुजींनी हरकत मागे घेतली. तब्येतीचं कारण दिलं. आणखीही काही जणांनी घेतली, साधारण चाळीस. लोकांना कामं असतात. विमलाबाई दोन दिवस मार्केटला गेल्या नाहीत.

माझ्या फोनवर कुणी बोलत नाही, नुसतं धरून ठेवतात. लाइन खराब असेल. तू फोन करू नकोस, पत्रच लिही. परवा मांजर शिरलं होतं घरात, थोडी आवराआवर करावी लागली. बाकी ठीक.

हिरामावशी

*

बंगळूर, १७ फेब्रुवारी २००८

मावशी,

अगं, कुणीही वाचू शकतं! तेच तर आपल्या साइटचं बळ आहे. परवानगी नाही, अर्ज नाही, शिपायाला चहा नाही.

तुला एक गंमत सांगतो. साइट कोण उघडतं याची नोंद माझ्याकडे येते. पुण्यातल्या एकाच जागेवरून रोज सकाळी साडेनऊला यादी उघडली जाते. रोज! आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जाते. असा एक जरी जागृत नागरिक प्रत्येक वॉर्डात असेल ना, तर देश सुधारेल. तो कोण ते शोधून त्याचे आभार मानावेसे वाटतात.

चाळीस गळाले तर गळू देत, दोनशे सत्तर आहेत. गुरुजींकडून अपेक्षा नव्हती, पण वय झालं की माणूस कच खातो. तू मात्र वाघीण आहेस. आणि मांजर कसलं शिरतंय? खिडकीला जाळी बसवून घे.

अनिरुद्ध

*

कात्रज, २३ फेब्रुवारी २००८

अनिरुद्ध,

तुझ्या त्या जागृत नागरिकाचे आभार मानू नकोस. तो माझ्या घरी येऊन गेला.

मांजर शिरलं हे मी खोटं लिहिलं. ७ तारखेला सात वाजता विहारातून आले तर कुलूप जसंच्या तसं. उघडून आत गेले. काही चोरीला गेलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. माझी वेताची खुर्ची, जी कायम खिडकीकडे असते, ती दाराकडे तोंड करून ठेवली होती. मोरीत एक कप धुऊन पालथा घातलेला. कुणीतरी माझ्या घरात चहा करून प्यायला, माझ्या खुर्चीत बसून दाराकडे बघत राहिला, आणि मी यायच्या आत कप विसळून गेला. खुर्चीवर तुझ्या यादीची छापील प्रत होती. माझ्या नावाखाली रेघ, आणि ‘पाच ते सात विहारात’ याच्याखाली दोन रेघा.

पोरा, त्या दिवशी मी जेवले नाही. खुर्चीला हात लावायचाही धीर होईना.

गुरुजींनी कच खाल्ली म्हणतोस? मंगळवारी ते डायलिसिसला गेले असताना दोघं जण मोटरसायकलवरून आले. त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे, पाणी मागितलं, पाणी प्यायले, आणि अगदी आदराने म्हणाले, “काका साडेचारला येतात ना? तोवर दार लावून घ्या, दिवस वाईट आहेत.” एवढंच. विमलाबाईंच्या मुलीला रोज संध्याकाळी आठला खिडकीबाहेरून नावाने हाक येते. बाहेर कुणी नसतं. विमलाबाई माझ्या दारात येऊन रडल्या, “माझं नाव काढा हिराबाई, एकटी लेक हाय माझी.” तो रकाना मी आखला होता. त्यांना नको असताना मी भरून घेतला.

चौकीतही जाऊन आले. खुर्ची फिरवली, पाणी मागितलं, हाक मारली, यात तक्रार कसली लिहायची, असं विचारलं त्यांनी. आणि खरंच, कसली लिहायची?

ती छापील यादी मी तीनदा वाचली. शोधत होते. तुझं नाव त्यात नाही. तुझं मतदान अजून इथंच आहे. तीनशे बारा नावं आणि तुझं नाही. का रे?

हिरामावशी

*

बंगळूर, २७ फेब्रुवारी २००८

मावशी,

तुझं पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो होतो. यादी तासाभरात साइटवरून काढून टाकली. एकूण एक नाव पुसलं.

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. लोकांना पहिल्यांदा सांगितलं होतं की कंपनीचे नियम आड येतात. नियम कसलेही नाहीत. पहिल्याच दिवशी मी माझा फॉर्म भरायला बसलो होतो. रावसाहेबांचं नाव डोळ्यासमोर आलं आणि मी तो बंद केला. वाटलं, कशाला उगाच नजरेत यायचं, साइट चालवतोय तेवढं पुरे. मी घाबरलो, मावशी. पाचशे मैलांवर बसून घाबरलो, आणि तुला घरोघर पाठवलं.

आता एकच ऐक. सोबत तिकीट पाठवतोय, ५ तारखेच्या गाडीचं. इकडे निघून ये. जागा गेली तर जाऊ दे. एका अभ्यासिकेपायी तुला काही झालं तर मी आईच्या फोटोला काय तोंड दाखवू? सुनावणी वगैरे सोडून दे. पाया पडतो.

अनिरुद्ध

*

कात्रज, ३ मार्च २००८

अनिरुद्ध,

तिकीट परत पाठवते आहे. पैसे मिळतात का बघ.

यादी काढलीस? मोठा पराक्रम केलास. अरे शहाण्या, छापलेली यादी त्यांच्याकडे आहेच. आता फक्त आमच्याकडे नाही. काल लोक सोनालीच्या दुकानात गेले आणि बघितलं तर साइट कोरी. वस्तीत बातमी पसरली की अनिरुद्धने पाय काढला, प्रकरण मिटलं. एका दिवसात आणखी साठ जणांनी माघारीचे कागद दिले. त्या मोटरसायकलवाल्यांना महिनाभरात जे जमलं नाही ते तू तासाभरात केलंस.

भीती वाटते का विचारशील, तर वाटते. लिहूनच टाकते. विहारात वंदना म्हणताना अर्धं लक्ष कुलपाकडे असतं. घरी आले की आधी खुर्चीकडे बघते. मोरीतले कप मोजते, म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय असंच म्हण. पण तुझ्याकडे येऊन काय करू? विमलाबाईंची लेक तिथं येणार आहे का? तिच्या घरावर मी बोट ठेवून दिलं आणि मी जाऊन बंगळूरला इडली खाऊ?

तर आता मी सांगते ते कर. यादी परत लाव. नुसती नावं. घर, खूण, वेळ, काही नको, मीच मूर्ख. आणि त्याच्याशेजारी एक नवा रकाना घाल: कोण आलं, केव्हा आलं, काय म्हणालं. चौकीत हाक लिहून घेत नाहीत ना? आपण लिहू. तारीख, वेळ, मोटरसायकलचा नंबर. एकट्याच्या घरातली हाक कुणाला सांगता येत नाही, माणूस आतल्या आत सडतो. तीच गोष्ट तीस घरांत झाली आहे हे एका पानावर दिसलं, तर निदान कळेल की वेड आपल्याला लागलेलं नाही.

पहिली नोंद मीच सोनालीकडे बसून तयार करून ठेवली आहे. खुर्चीची. तीन ओळी टाइप करायला पाऊण तास लागला. तारयंत्रावर मी मिनिटाला पंचवीस शब्द पाठवायचे, तिला सांगितलं तर तिला खरं वाटेना. माझं बघून गुरुजींकडच्या काकूंनी पाण्याच्या तांब्याचं लिहून घ्यायला लावलं.

हिरामावशी

*

बंगळूर, ७ मार्च २००८

मावशी,

यादी परत लावली. नवा रकाना घातला. आज दुपारपर्यंत एकेचाळीस नोंदी आल्या आहेत, आणि त्यातल्या एकोणीस नोंदींत मोटरसायकलचा नंबर एकच आहे.

तो साडेनऊवाला अजूनही रोज साइट उघडतो. आता आभार मानावेसे वाटत नाहीत.

शेवटी एक नाव वाढवलंय. क्रमांक ३१३. मुदत संपली आहे, सुनावणीत धरणार नाहीत, माहीत आहे. तरी लिहिलं. नाव चढवताना तीनदा उठलो आणि पाणी प्यायलो.

रजा घेतली. १३ तारखेच्या रात्रीच्या बसने निघतो, १४ ला साडेनऊ-दहापर्यंत कात्रजला उतरेन. तुझ्याबरोबर सुनावणीला येतो.

अनिरुद्ध

*

कात्रज, १४ मार्च २००८, सकाळी आठ

अनिरुद्ध,

किल्ली सोनालीकडे ठेवली आहे. तू पोचशील तेव्हा आम्ही गेलेलो असू, बससाठी थांबायला वेळ नाही. तू मागून येऊ नकोस. तुझं नाव सुनावणीत धरणार नाहीत, मग तिथं नुसती गर्दी करून काय उपयोग?

तुझं काम इथं आहे. काल विहारात बोलणं झालं तेव्हा कळलं की सुनावणीची कुणालाच एवढी भीती नाही. भीती आहे ती मागे राहणाऱ्या घराची. आज अकरा ते पाच आम्ही कुठं असणार, हे त्या लोकांना यादी न वाचताही ठाऊक आहे. विमलाबाई तयार झाल्या, पण लेकीला घरी ठेवून जायला तयार नाहीत. मी म्हटलं, माझा भाचा येतोय, माझ्या घरी बसेल, लेकीला तिथं ठेवा. मग त्या हो म्हणाल्या. आम्ही नऊ जण निघतो आहोत. दोनशेंतले नऊ.

खुर्ची मी स्वतः दाराकडे वळवून ठेवली आहे. तिच्यात बस. दार उघडं ठेव. साइटवर सोनालीला लिहायला सांगितलंय: हिरा ओव्हाळ यांच्या घरी आज दिवसभर अनिरुद्ध आहे.

डब्यात पोहे आहेत. चहा करशील तर कप विसळू नकोस, तसाच राहू दे. मला आल्यावर कळायला हवं की तूच होतास.

हिरामावशी

*

त्याच कागदाच्या मागे, दुपारी चार

मावशी,

तू आल्यावर वाच. तोंडाने सांगता येईल असं वाटत नाही.

दहाला आलो. विमलाबाईंची सुप्रिया आत अभ्यासाला बसली, मी खुर्चीत. दार सताड उघडं. बाहेर पानही हललं तरी दचकत होतो. पहिला तासभर देवाशपथ पळून जावंसं वाटलं. देव मानत नाही तरी.

सव्वाअकराला समोरचं दार उघडलं. रंगनाथ गुरुजी प्लास्टिकची खुर्ची ओढत बाहेर आले. आज शुक्रवार, त्यांचा डायलिसिसचा दिवस. म्हणाले, “उद्यावर ढकललं आहे. सुनावणीला जायची माझी छाती नाही, अनिरुद्ध. मी माघारीवर सही केली आहे. पण बसता तर येतं.” आणि विमलाबाईंच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसले. मग सोनाली येऊन साइटवर काय लिहिलंय ते गल्लीत ओरडून सांगून गेली. त्यानंतर एकेक दार उघडायला लागलं. कुणी स्टूल आणलं, कुणी पाट. सगळे माघार घेतलेले. सगळे नुसते रस्त्याकडे बघत होते.

आणि गल्लीतून लोक जायला लागले. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, घर राखायला माणसं आहेत ना आता, मग जातो सुनावणीला. बारापर्यंत मी चौतीस मोजले. पोचले का वेळेत? साहेबांनी आत घेतलं का? मला काही माहीत नाही, आणि उठून जाता येत नाही.

दीडला मोटरसायकल आली. तोच नंबर. दोघं होते. तुझ्या दाराशी थांबले, इंजिन चालू ठेवून. मागच्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, बघितला, म्हणाला, “इथं म्हातारी एकटी राहते ना?” मी म्हटलं, “एकटी राहत नाही. तुमचा कागद जुना आहे. मी अनिरुद्ध, तीनशे तेरा.” तो हसला आणि म्हणाला, “बरं. लिहून घेतो.” खरंच पेन काढून लिहिलं त्याने. मग गल्लीभर नजर फिरवली, त्या पंधरा-वीस खुर्च्यांवरून, आणि ते सावकाश गेले. समोर गुरुजी घड्याळात बघून वहीत वेळ टिपत होते.

आता ते माझं नाव घेऊन गेले आहेत. मला फार भीती वाटते आहे, मावशी. रविवारी परतीची बस आहे. तिकीट रद्द करतोय. कंपनी काय म्हणेल ते म्हणो.

चहा दोनदा केला. सुप्रिया कप विसळायला निघाली होती, तिला थांबवलं. तिघांचे कप मोरीत तसेच आहेत. एक माझा, एक तिचा, एक गुरुजींचा.

लिहिता लिहिता पाच वाजत आले. रस्त्यावर चपलांचा आवाज येतोय, बऱ्याच. त्यात विमलाबाईंचा आवाज मला ओळखू येतोय, तुझा अजून नाही. उठून बघतो.